अष्टपुत्रे सरांचा आवडता विद्यार्थी

"मुलगा खेड्यातला. पायात स्लिपर, अंगात मोठ्या भावाचा शर्ट. कायम शेवटच्या बाकावर बसायचा," डॉ. अष्टपुत्रे सांगत होते आणि सांगता सांगता बोटांत खडू फिरवत होते. "एक दिवस तो उभा राहिला आणि म्हणाला, सर, हेलिकॉप्टर वर एका जागी थांबतं ना? आणि खाली पृथ्वी तर फिरतेय. मग चार तास नुसतं वर थांबलं, तर खाली आपोआप दुसरं गाव यायला पाहिजे. पेट्रोल जाळून पुढं कशाला जायचं?"

सभागृहात हशा पिकला. सरांनी हात वर करून तो थांबवला.

"हसलात ना? माझा वर्गही असाच हसला होता. आता मला सांगा, त्या क्षणी शिक्षक म्हणून मी काय करायला हवं होतं?"

आम्ही सगळे शिक्षकच होतो. विद्यापीठाच्या स्टाफ कॉलेजात नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग भरतो, तो आमचा चालू होता. नवे म्हणजे नावाला नवे. माझी नोकरी चांगली मुरली होती, तरीही मी 'सहभागी' या बिल्ल्याखाली रोज सकाळी गुलाबाचं फूल देऊन पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्यांच्या रांगेत होते. येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला तिथे साधनव्यक्ती म्हणायचे. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आवरेना. बहुतेक साधनव्यक्ती उशिरा यायच्या, आपण परदेशात कुठे कुठे गेलो ते सांगायच्या आणि चहाच्या वेळेला बरोबर थांबायच्या. पण वर्ग पूर्ण केल्याशिवाय वरिष्ठ वेतनश्रेणी नाही, असा नियम होता. नुसता पूर्ण करूनही भागत नव्हतं. शेवटी संचालक प्रत्येकाला श्रेणी द्यायचे, आणि ती खालची मिळाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं. निघताना आमच्या प्राचार्यांनी मला बजावलं होतं, "ढगे बाई, तिथे तोंड बंद ठेवा. श्रेणी घेऊन या. तुमच्या मागचे लोक वर चढायला टपलेत."

ती श्रेणी देणारे संचालक म्हणजे हेच डॉ. अष्टपुत्रे.

माणूस बोलायचा मात्र सुरेख, हे मला कबूल करावंच लागेल. मुळात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पण अध्यापनकौशल्यावर त्यांची व्याख्यानं महाराष्ट्रभर व्हायची. 'कच्च्या विद्यार्थ्याला कसं सांभाळावं' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं व्याख्यान होतं, आणि त्यातली ही हेलिकॉप्टरची गोष्ट म्हणे ऐकण्यासारखी होती. माझ्या शेजारी बसलेली नसरीन काझी मला सकाळपासून तेच सांगत होती. नसरीन रसायनशास्त्राची, सोलापूरकडची, हॉस्टेलात माझ्याच खोलीत. तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी आधीच्या वर्गात ही गोष्ट ऐकली होती आणि घरी जाऊन बायकोला सांगताना तो रडला होता.

"मी त्या मुलाला पुढे बोलावलं," सर म्हणाले. "त्याच्या हातात खडू दिला. म्हटलं, बाळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल, आणि चालता चालता खडू सरळ वर फेक. त्याने फेकला. खडू कुठे पडला असेल?"

ते स्वतः चालू लागले. चालता चालता खडू वर उडाला आणि पुन्हा त्यांच्याच तळहातावर येऊन पडला. पुन्हा उडाला, पुन्हा हातात.

"मी म्हटलं, बघ, तू पुढे गेलास, पण खडू मागे राहिला नाही. का? कारण हातातून सुटण्याआधीच त्याला तुझा वेग मिळालेला होता. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठतं तेव्हा पृथ्वीचा वेग बरोबर घेऊनच उठतं. भोवतालची हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. म्हणून गाव खालून निघून जात नाही. त्या पोराचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! मी वर्गाला म्हटलं, टाळ्या वाजवा याच्यासाठी. हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना पडलेला आहे." सर थांबले. आवाज खाली आणला. "मराठवाड्यातल्या एका साध्या कॉलेजातली गोष्ट आहे ही. मी तेव्हा नवा होतो. तो मुलगा आज मोठा इंजिनीअर आहे. ज्या शिक्षकाला अशा प्रश्नावर हसावंसं वाटतं, त्याने हा पेशा सोडावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नसरीनने डोळे पुसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती, कारण तो मुलगा माझा दादा होता.

आमचं गाव कयाधू नदीच्या काठचं. दुष्काळाच्या साली पाहणीसाठी कुणी मंत्री हेलिकॉप्टरने तालुक्याला आला होता, आणि ते हेलिकॉप्टर बघायला दादा पायी गेला होता. पुढे कितीतरी दिवस तो त्याच्याबद्दलच बोलायचा. ते हवेत एका जागी कसं थांबलं हे हाताने करून दाखवायचा. मॅट्रिकला तो गावात पहिला आला आणि जिल्ह्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला गेला. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. मी तेव्हा शाळकरी होते. दादा निघाला तेव्हा आईने त्याच्या ट्रंकेत लाडू घातले होते, आणि दिवाळीला तो घरी आला तो तीच ट्रंक घेऊन. पुन्हा गेला नाही. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते त्याच वर्गात असलेल्या आमच्या गावच्या दुसऱ्या पोराने.

दादाने प्रश्न विचारला होता हे खरं. सरांनी त्याला पुढे बोलावलं नव्हतं. खडू दिला नव्हता. सर म्हणाले होते, "ढगे, तू असं कर. उद्यापासून कॉलेजला हेलिकॉप्टरनेच येत जा. गावात वर उडायचं, तिथेच थांबायचं, आणि कॉलेज खाली आलं की उतरायचं." वर्ग खदाखदा हसला. एवढ्यावर संपलं असतं तर दादाने तेही गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेताना सर त्याचं नाव घेईनात. "हेलिकॉप्टर उतरलं का रे?" असं विचारायचे. मग दादा वर्गात शिरला की पोरं डोक्यावर हात गरगर फिरवून फर्र असा आवाज काढायची. जेवायच्या खानावळीत, रस्त्यात, सगळीकडे तेच. दादा गावात आला त्याच्या आधी ते नाव गावात पोचलं होतं.

आमच्या घरी त्या सराला नावच नव्हतं. ते दुसरं पोरही 'तो फिजिक्सचा सर' एवढंच म्हणायचं. आई त्याला रोज शिव्या घालायची आणि नाव माहीत नसल्याने तिची फार अडचण व्हायची.

चहाच्या सुट्टीत मी सरळ संचालकांच्या खोलीत गेले. सर एकटेच होते.

"या या, ढगे मॅडम. कसं वाटलं व्याख्यान?"

"त्या मुलाचं नाव काय, सर?"

"कुठल्या?"

"हेलिकॉप्टरवाल्या."

"अहो, इतकी मुलं हाताखालून गेली. नावं कुठली लक्षात राहायला?"

"इंजिनीअर झाला ते लक्षात आहे. मोठ्या भावाचा शर्ट लक्षात आहे. त्याला मोठा भाऊ नाही, सर. घरात तोच थोरला. दिगंबर ढगे. मी त्याची बहीण."

 सरांनी हातातला कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "दार लावून घ्या."

मी लावलं नाही. तेच उठले, त्यांनी लावलं.

"तो इंजिनीअर नाही," मी म्हणाले. "गावात पिठाची गिरणी चालवतो. पहिली सहामाही पुरी होण्याआधी ट्रंक घेऊन परत आला. हजेरीत तुम्ही त्याला काय म्हणायचात, सांगू?"

"तुमची काहीतरी गफलत होतेय."

"त्या वर्गात आमच्या गावचा आणखी एक मुलगा होता. तो खराच इंजिनीअर झालाय. त्याला बोलावू का?"

अष्टपुत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. व्याख्यानात जी माया त्यांच्या चेहऱ्यावरून ओसंडत होती, तिचा आता मागमूस नव्हता. खरं तर मला त्यामुळे जरा बरंच वाटलं.

"बसा," ते म्हणाले. मी उभीच राहिले. "मी एम. एस्सी. होऊन नुकताच लागलो होतो. तो प्रश्न आला आणि मला उत्तर सुचलं नाही. समोर एवढी पोरं बसलेली. काय म्हणायला हवं होतं मी? मला माहीत नाही म्हणून? त्या काळात? दुसऱ्या दिवशी कुणी मला वर्गात उभं राहू दिलं नसतं."

"म्हणून त्याला बसवलंत."

"तोंडातून गेलं. पोरं हसली. नव्या मास्तरावर पोरं खूश झाली की त्याला बरं वाटतं, तुम्हालाही माहीत आहे. उत्तर मी नंतर शोधून काढलं. तेव्हा कळलं की प्रश्न किती सुंदर होता."

"मग त्याला का नाही सांगितलं?"

"तोवर तो यायचा बंद झाला होता."

"गाव माहीत होतं तुम्हाला. हेलिकॉप्टर कुठून उडतं ते रोज सांगत होतात."

"मॅडम, जरा सभ्यपणे बोला." त्यांचा आवाज चढला. "ही गोष्ट मी कशासाठी सांगतो? माझ्या मोठेपणासाठी? तुमच्यासारख्या मास्तरांनी मुलांशी नीट वागावं म्हणून सांगतो. ती ऐकून किती जणांनी आपल्या वर्गात पोरांवर हसणं सोडलं असेल. खरं काय ते सांगितलं असतं तर कोण काय शिकलं असतं?"

"मला फक्त एक हवंय. समारोपाला सगळ्यांसमोर सांगा, की असं झालं नव्हतं. काय झालं होतं ते सांगा."

ते हसले. अगदी आतून, मजा वाटल्यासारखे हसले.

"तुमचा पाठ परवा आहे ना? तिकडे लक्ष द्या. इथली श्रेणी नुसत्या हजेरीवर मिळत नाही."

"हजेरी तुम्ही कशी घेता ते आम्हाला घरी सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले आणि दार उघडून बाहेर आले.

संध्याकाळी नसरीनला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझा हात धरला, आणि मग तिच्या धोरणी स्वभावाला शोभेल असं बोलली.

"माणूस हलकट आहे, मान्य. पण तू काय करणार, प्रयाग? सही त्याची लागते. तू तुझी श्रेणी घे, घरी जा, आणि मग काय त्याला पत्र लिहायचं ते लिही."

"पत्र लिहून काय होणार? तो फाडून टाकेल आणि पुढच्या वर्गाला तीच गोष्ट सांगेल."

"सांगू दे की. तुझ्या भावाला कुठे ऐकू येतेय?"

हे ती सहज बोलली होती. मला मात्र तिचाही राग आला. दादा त्या गिरणीत दिवसभर पट्ट्याच्या आवाजात बसतो, आलेल्या बायकांशी मान हलवून बोलतो, लग्नकार्यात मांडवाच्या बाहेर उभा राहतो. माझ्या शिक्षणासाठी घरात सगळ्यांशी भांडला तो एकटा दादा, आणि मला प्राध्यापकाची नोकरी लागली तेव्हा पेढे वाटायलाही तो घराबाहेर पडला नाही. आणि हा माणूस त्याच्या अपमानाची शाल करून महाराष्ट्रभर पांघरून फिरतोय. मला गप्प बसणं शक्य नव्हतं.

पाठाची तिथली पद्धत अशी. प्रत्येकाने आपल्या विषयाचा छोटासा पाठ घ्यायचा. बाकीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी होऊन बाकांवर बसायचं, आणि नुसतं बसायचं नाही, तर विद्यार्थ्यासारखं वागायचं. कुणी हुशार व्हायचं, कुणी झोपाळू, कुणी खोडकर. वास्तविक ही गोष्ट गंभीरपणे करायची असते. पण चाळिशीकडे झुकलेल्या माणसांना एकदा का खोड्या काढायची सरकारी परवानगी मिळाली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. आमचे वर्गप्रतिनिधी, लातूरकडचे राज्यशास्त्राचे केंद्रे सर, दरवेळी खोडकर व्हायचे आणि कागदाची विमानं फेकायचे. संचालक शेवटच्या बाकावर हातात घंटी घेऊन बसायचे. वेळ संपली की घंटी.

मी भूगोलाची. विषय घेतला पृथ्वीचं परिवलन. फळ्यावर तेवढे शब्द लिहिले आणि वर्गाकडे वळले.

"आज एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते," मी म्हणाले. "मुलगा खेड्यातला. शेवटच्या बाकावर बसायचा. एक दिवस तो उभा राहिला आणि म्हणाला, सर, हेलिकॉप्टर वर एका जागी थांबतं ना?"

सगळ्यांनी वळून अष्टपुत्र्यांकडे पाहिलं आणि खुशीत हसले. बाईंनी सरांना मस्का लावायचं ठरवलेलं दिसतंय, असा भाव होता सगळ्यांच्या तोंडावर. अष्टपुत्रे मात्र हसले नाहीत. त्यांनी घंटी हातात घेतली.

मी प्रश्न पुरा सांगितला. मग म्हणाले, "सर त्याला म्हणाले, तू असं कर, उद्यापासून कॉलेजला हेलिकॉप्टरनेच येत जा. गावात वर उडायचं, तिथेच थांबायचं, आणि कॉलेज खाली आलं की उतरायचं."

सगळा वर्ग फुटला. काय हसले, काय हसले. बाकं बडवली. शास्त्र शिकलेले, पीएच. डी. केलेले लोक एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसत होते. माझ्या मनातही नव्हतं की ते हसतील. मला वाटलं होतं, एवढं ऐकलं की वर्ग गप्प होईल.

"दुसऱ्या दिवसापासून सर हजेरीत त्याचं नाव घेईनात," मी आवाज चढवून म्हणाले. "विचारायचे, हेलिकॉप्टर उतरलं का?"

पुन्हा हशा. आणि केंद्रे सर, खोडकर विद्यार्थी, उभे राहिले. त्यांनी डोक्यावर हात गरगर फिरवला आणि तोंडाने फर्र केलं. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सुचलं आपोआप.

"हो," मी म्हणाले. "असंच करायची पोरं. अगदी असंच."

माझ्या आवाजात काहीतरी झालं असणार, कारण केंद्र्यांचा हात वरच राहिला.

"हा मुलगा म्हणजे माझा सख्खा भाऊ, दिगंबर. त्याला कुणी पुढे बोलावलं नाही. खडू दिला नाही. टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने दिवाळीत कॉलेज सोडलं. तो इंजिनीअर नाही. आणि ते सर शेवटच्या बाकावर बसलेत."

घंटी वाजली. 

पाठ झाला की संचालकांनी अभिप्राय द्यायचा, अशी रीत. अष्टपुत्रे उठून पुढे आले. माणूस कच्चा नव्हता. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू न देता ते म्हणाले, "मॅडमचा आवाज चांगला आहे. वर्गाचं लक्ष त्या खेचून घेतात. पण पाठ विषयाला सोडून झाला. परिवलनाबद्दल वर्गाला काहीही कळलं नाही. मॅडमनी त्या मुलाचा प्रश्न सांगितला, पण उत्तर काही दिलं नाही. शिक्षकाने प्रश्नाला उत्तर द्यावं, एवढी किमान अपेक्षा असते. पुढचे कोण?"

आणि पुढचे उठले. कुणीतरी फळा पुसला. एकही माणूस काही बोलला नाही.

बोलले ते नंतर, जेवणाच्या रांगेत. केंद्रे ताट घेऊन माझ्यामागे उभे होते.

"मॅडम, तुमच्या घरचं भांडण आमच्या श्रेणीवर कशाला? सर आता सगळ्यांवरच डूख धरणार."

"तुम्ही फर्र फार छान केलंत," मी म्हणाले.

"आता मला काय माहीत होतं? नाटक म्हणून केलं मी."

"तेव्हाच्या पोरांनीही नाटक म्हणूनच केलं होतं."

ते ताट घेऊन दुसऱ्या रांगेत गेले. उरलेले दिवस मी जेवायला बसले की टेबल रिकामं व्हायचं. नसरीन तेवढी बसायची, पण तीही खाली बघून जेवायची. समारोपाच्या गटफोटोत मला कडेला उभं केलं आहे. तो फोटो माझ्याकडे आहे. मधोमध शाल पांघरून अष्टपुत्रे बसलेत.

श्रेणी अर्थातच सगळ्यांत खालची मिळाली. कारण 'पाठात आशयज्ञानाचा अभाव'. वरिष्ठ वेतनश्रेणी लांबली, माझ्या मागून लागलेले दोघे माझ्या पुढे गेले, आणि तो वर्ग मला पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाऊन पुन्हा करावा लागला. तिथेही गुलाबाची फुलं आणि साधनव्यक्ती. प्राचार्यांनी मला बोलावून ठणकावलं, मीही त्यांना ठणकावलं. त्या माणसाला मी सगळ्यांसमोर उघडा पाडला, याचं मला तेव्हाही समाधान होतं आणि आजही आहे. पुढच्या वर्षी आमच्याच कॉलेजातला एक जण त्या स्टाफ कॉलेजात जाऊन आला. त्याला मी मुद्दाम विचारलं. हेलिकॉप्टरची गोष्ट अष्टपुत्र्यांनी सांगितली नव्हती. आता कुणा मुलीची काहीतरी गोष्ट सांगतात म्हणे.

पण हे नंतरचं. वर्ग संपला त्याच आठवड्यात मी गावी गेले. कधी एकदा दादाला सांगते असं झालं होतं. गाडीत बसून मी सगळं जुळवत होते, कुठून सुरुवात करायची, त्याचा चेहरा कसा होईल. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या बाजूने उभं राहिलं होतं.

दादा गिरणीत होता. दळणाची गर्दी ओसरली होती. भुवयांवर, कानांवर पीठ. मी आले म्हटल्यावर त्याने मोटर बंद केली, पोत्यावरचं पीठ झटकलं आणि मला बसायला जागा केली.

"तो फिजिक्सचा सर सापडला," मी म्हणाले.

दादाच्या हातातला फडका थांबला.  मग मी सांगायला लागले. संचालक, व्याख्यान, खडू, सगळं. सरांनी गोष्ट कशी खोटी करून सांगितली ते सांगताना माझा आवाज चढला.

"थांब," दादा म्हणाला. "त्येनं मला पुढं बोलावलं म्हनतो?"

"हो ना. खोटारडा."

"आन खडू दिला?"

"दिला म्हणे. चालता चालता वर फेकायला लावला. फेकला की हातातच पडतो. म्हणजे आपला वेग त्याला आधीच मिळालेला असतो, म्हणून..."

"हां." दादाने हात जरासा वर केला, काहीतरी झेलल्यासारखा. "मंग बराबर हाय. हेलिकॉप्टरलाबी तसंच."  "आन मंग टाळ्या वाजिवल्या?"

"वाजवल्या म्हणे. दादा, अरे, तो हे सगळीकडे सांगत फिरतो. पुण्याला, नागपूरला, कुठे कुठे. तू इंजिनीअर झालास म्हणून सांगतो."

"मी?"

"मोठा इंजिनीअर."

दादा हसला. कितीतरी वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने फडक्याने तोंड पुसलं, तरी ते हसू तसंच राहिलं.

"मंग लोक काय म्हनतात, त्ये ऐकून?"

"रडतात. टाळ्या वाजवतात. माझ्या शेजारची बाई रडली. पण ऐक ना, मी त्याला सोडला नाही. माझ्या पाठाला मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि खरं काय झालं ते सांगून टाकलं."

"खरं सांगितलंस?"

"सगळं. तोंडावर. तो शेवटच्या बाकावर बसला होता."

"कालेजला हेलिकॉप्टरनं ये म्हनला, त्येबी?"

"तेही. हजेरीचंही सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं."

दादाने मोटरच्या बटणाकडे पाहिलं, पण ते दाबलं नाही.

"हसले का कुनी?"

 खोटं बोलावंसं वाटलं, पण आमच्यात ती सवय नव्हती.

"हसले," मी म्हणाले. "त्यांना माहीत नव्हतं, दादा. कळल्यावर गप्प झाले."

"समदे मास्तरच व्हते ना?"

"हो."

तो उठला. कोपऱ्यातलं कुणाचं तरी दळणाचं डबडं त्याने उचललं, धान्य गिरणीच्या तोंडात ओतलं आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "तितं तरी मी इंजिनीअर व्हतो, प्रयाग. तुला खरं सांगाया कुनी सांगितलं व्हतं?"

मग त्याने मोटर चालू केली, आणि मी त्यानंतर जे काही बोलले ते त्याला ऐकू गेलं नाही.